धवल्यातली नावं

"लगीन कोनाचा?" चांगूबायनं विचारलं.

ती अंगणात सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. मी समोर उकिडवा बसून केव्हापासून तिला कॅसेट म्हणजे काय ते पटवत होतो.

"कोनाचाच नाय, आजी. फकस्त गायाचा. ठान्याला खोली हाय, थंडगार. तू बसायचा, समोर माईक, आनि धवलं म्हनायचं."

"आनि नवरा-नवरी?"

"नाय."

"मांडव?"

"नाय."

"मंग धवला कशाला?" ती म्हणाली आणि सुपातला एक खडा उचलून माझ्या पायापाशी फेकला. माझ्या बोलण्याची तिच्या लेखी तेवढीच किंमत होती.

आमच्या आगरी लोकांत लग्न लावते ती धवलारीण. हळद, तेलवण, आंघोळ, अंतरपाट, प्रत्येक विधीचं तिच्याजवळ एक गाणं असतं. त्याला धवला म्हणायचं. ती गाते आणि मागं बसलेल्या दोघी-तिघी बाया ओळ उचलतात. आमच्याकडे भटजी वेळेवर पोचला नाही तर कुणाचं काही अडत नसे. धवलारीण आली नाही तर मांडवात चुळबूळ सुरू होई. उरणच्या पूर्वेला खाडीकाठच्या आमच्या गावांत त्या काळी चांगूबायच्या तोडीची दुसरी कुणी नव्हती.

आणि मला ती हवी होती. मी ठाण्याला लखमशीशेठच्या कॅसेट कंपनीत होतो. बेंजो, ढोलकी आणि कीबोर्ड एकत्र करून हळदीची नाचाची गाणी बसवायची, हे माझं काम. गाणी धडाक्यात खपायची आणि कव्हरच्या तळाशी, भिंग घेऊन शोधावं लागेल अशा अक्षरांत, 'संगीत साहाय्य : हसुराम घरत' असं छापलेलं असायचं. सहा वर्षं तेच चाललं होतं. मग एक दिवस शेठच्या डोक्यात धवला शिरला. धवलारणी म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, लग्नं वाढत होती, एकाच मुहूर्ताला चार मांडव आणि धवलारीण एकच.

"बटन दबाव, लगन लगाव," शेठ म्हणाला. "हसुराम, ही कॅसेट माघाच्या सीझनला उभी कर. कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहीन, निर्माता हसुराम घरत. लोकगीताचं सगळं खातं तुझ्याकडं."

त्या मोठ्या अक्षरांसाठी मी चांगूबायच्या अंगणात बसलो होतो.

"तुजी ती पट्टी वाजाया लागली," ती म्हणाली, "की मना कोन बोलवील रं?"

"तुजा नाव व्हईल, आजी. सगल्या रायगरात."

"नाव घेऊन काय करू? मना बोलावना पायजे."

चांगूबायला मूलबाळ नव्हतं, नवरा ऐन तारुण्यात गेलेला. एरवी गावात तिला कुणी फारसं विचारत नसे. पण लग्नाचं बोलावणं आलं, की घरचा कर्ता माणूस स्वतः तिच्या दारात येई, तिला हाताला धरून मांडवात नेई आणि ती टेकेपर्यंत पाटीलसुद्धा उभा राही. तिच्या आयुष्यात मान म्हणून जो काही होता तो एवढाच, आणि मी तो एका प्लॅस्टिकच्या डबीत भरायला निघालो होतो. हे तिला कळत होतं आणि मलाही कळत नव्हतं असं नाही. फक्त मला घाई होती.

एकदम ती हसली. "तुजाच लगीन हाय ना माघान? जयवंतीसंगं?"

"हाय."

"मंग मी येनारच हाय. तुज्या आयशीला शबूद दिलाय. तवा आन तुजा मशीन, लाव मांडवान. पन आदी सांगून ठेवतंय, धवला ज्याचा त्याचा असतं. माज्या तोंडी तुमचीच नावा येतील. दुसऱ्या कोनाची नाय."

"येऊ दे," मी म्हणालो. मनात म्हटलं, नावांचं काय, ती कापून काढता येतात. टेप कापायला माझ्यासारखा हात अख्ख्या ठाण्यात कुणाचा नव्हता.

माघातला पहिलाच मुहूर्त आमचा होता. लग्नाच्या दिवशी मी पहाटेपासून मांडवात शिडीवर होतो. आई खालून ओरडत होती, नवरदेवाला हळद लागलीय, खाली उतर. मी दोन माईक आडव्या बांबूला टांगले, एक चांगूबायच्या समोर ठेवला. वसईचा आंतोन, आमचा रेकॉर्डिस्ट, स्पूलचं मशीन घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसला होता. तो माझ्यापेक्षा हुशार होता, तरी माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. म्हणून लांब वायर ओढून एक हेडफोन मी स्वतःकडे घेतला आणि मुंडावळ्यांवरून तो कानांवर चढवून पाटावर बसलो. शेजारी जयवंती, डोक्यावरून शेला घेतलेली. पेणकडची. मी तिला त्याआधी एकदाच, बघायला गेलो तेव्हा पाहिलं होतं.

बाहेरचा बाजा मी बंद करायला लावला होता. आचाऱ्यांना पातेली वाजवायची नाहीत असा दम दिला होता. माझ्या मामाला खोकला होता, त्याला मी पार विहिरीपाशी बसवला होता. त्याचा राग त्याच्या मनातून पुढं कधीच गेला नाही.

चांगूबायनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी देवांना आवतण.

*पयला आवतान गनपतीला गो,*
*दुसरा आवतान एकईरेला गो,*
*तिसरा आवतान सूर्या-चंद्राला गो...*

हेडफोनमध्ये तो आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. कोरडा, जरा घोगरा, पण शेवटचा 'गो' असा लांबवायची, की खाडीपलीकडे कुणाला तरी हाक मारतेय. मग आमची नावं यायला लागली. हळदीला कोण बसलंय, हसुराम-जयवंती बसलेत गो. मांडवाच्या दारी कोण आलंय, हसुराम-जयवंती आलेत गो. एवढ्यात रस्त्यावर एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला.

"थांब, आजी!" मी हात वर केला. "परत पयल्यापासून."

आईनं तोंडाला पदर लावला. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "नवरा बिगरला काय?"

चांगूबाय थांबली नाही. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि त्याच चालीवर पुढची ओळ घेतली.

*नवऱ्याचे कानावर वाट्या, वाट्या गो,*
*नवरी बोलते त्याना, आयकू नाय येई गो...*

बायांनी ती ओळ अशी काही उचलली, की सगळा मांडव हसत सुटला. आंतोनसुद्धा हसला आणि मशीनवरची आवाजाची सुई लालमध्ये गेली. मी घामाघूम झालो. तेव्हा शेल्याआडून जयवंती हळूच बोलली. लग्नातलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

"काय आयकू येतंय त्याच्यान?"

"तुजा नाव," मी म्हणालो.

"मना द्या बगू."

का कुणास ठाऊक, मी दिला. सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्या कानांवरचा हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवला. ती जी गप्प झाली ती शेवटपर्यंत. अंतरपाट धरला, फिटला, अक्षता पडल्या, ती हेडफोन घालून बसून होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढं पुष्कळ दिवसांनी मी तिला विचारलं, का रडलीस? ती म्हणाली, "घरान सगली मना 'पोरी, पोरी' करत. चांगूबाय माज्या कानान बसून माजा नाव घेत व्हती."

मशीन चालू होतं ते चालूच राहिलं. दुसऱ्यांदा काही करता आलं नाही.

आठवड्यानं मी तो स्पूल शेठला ऐकवला. शेठनं डोळे मिटून ऐकला आणि टेबलावर थाप मारली.

"माल एकदम चोख! पण एक बात समजाव. हे हसुराम-जयवंती कोण?"

"मी आणि माझी बायको."

"ते काढ. गिऱ्हाईक आपल्या पोराच्या लग्नात तुझ्या बायकोचं नाव कशाला ऐकेल? त्या नावाच्या जागी नुसतं नवरा-नवरी ठेव. मग कुणाच्या पण मांडवात चालेल."

शेठचं काही चुकत नव्हतं. धंद्याच्या दृष्टीनं बोलणं अगदी सरळ होतं. मी मान डोलावली आणि कामाला बसलो.

आता हे काम कोणी करत नाही, म्हणून सांगतो. स्पूल हातानं पुढं-मागं फिरवत जागा शोधायची. हातानं फिरवला की आवाज जाड होतो, म्हशीनं हंबरल्यासारखा. नाव जिथं सुरू होतं तिथं पेन्सिलीची खूण, जिथं संपतं तिथं दुसरी. मधली पट्टी ब्लेडनं तिरकी कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. नीट जोडलं तर कळत नाही. जिथं नावाशिवाय अडत होतं तिथं दुसरीकडचं 'नवरा' किंवा 'नवरी' उचलून लावत होतो. दुपार झाली तेव्हा निम्मं काम झालं होतं आणि टेबलाखाली तपकिरी पट्ट्यांचे तुकडे पसरले होते.

जयवंती डबा घेऊन आली. आम्ही कळव्याला एक खोली घेतली होती, तिथून ती रोज चालत यायची. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि वाकून एक तुकडा उचलला.

"याच्यावर काय हाय?"

"आपली नावा."

"आयकू येतं?"

मी तो तुकडा तिच्या हातातून घेतला आणि मशीनच्या हेडवरून बोटानं ओढला. म्हशीच्या आवाजात 'हसु...राम... जय...वंती' असं काहीतरी आलं. तिला हसू आलं. मग तिनं खाली पाहिलं.

"यो सगला तेच?"

"हां."

"आनि बाकीचा?"

"बाकीचा हाय तसा हाय. देव हायत, हलद हाय, मांडव हाय."

ती जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे लगीन हाय, फकस्त आपुन नाय."

मी ब्लेड फडक्यानं पुसलं.

"ही पट्टी लावल्यावर चांगूबाय लागनार नाय कोनाला?"

"तसा शेठचा म्हनना हाय."

"तुमचा नाव कव्हरवर येल ना?"

"येल."

"मोठ्या अक्षरान?"

"हां."

"मंग कापा," ती म्हणाली आणि डबा उघडून माझ्यापुढं भाकरी आणि बोंबलाचं कालवण मांडलं.

मला तिचा राग आला. रडली असती, भांडली असती, तर मीही चार शब्द बोललो असतो, धंदा म्हणजे काय ते तिला ऐकवलं असतं. तिनं मला भांडायलाही जागा ठेवली नाही. मी मुकाट्यानं जेवलो. ती डबा धुवायला मोरीपाशी गेली. मी परत ब्लेड घेतलं, पुढची जागा शोधायला स्पूल हातानं फिरवू लागलो, जरा हळू, जरा जलद, आणि अचानक हाताला नेमकी गती सापडली. चांगूबायचा आवाज जसाच्या तसा बाहेर आला.

"जयवंती..."

"ओ?" मोरीपाशी ती म्हणाली.

तिनं वळूनही पाहिलं नव्हतं. डबा धुतच होती. कुणी हाक मारली की आपण देतो तशी तिनं ओ दिली होती. पेन्सिलीची खूण करायला मी हात पुढं केला, पण खूण होईना. एखाद्या माणसानं ओ दिल्यावर त्याचं नाव कापायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"काय झाला?" ती आली.

"काय नाय. ते तुकरे उचल सगले. एकबी सोरू नको."

ते कापणं सोपं होतं, परत जोडणं महाकठीण. तुकड्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. एकेक तुकडा हेडवर ओढून ऐकायचा आणि तो कुठल्या ओळीतला ते ओळखायचं. हळदीतली हाक वेगळी, दारातली वेगळी. जयवंती माझ्या शेजारी बसली आणि पुष्कळदा माझ्याआधी तीच सांगायची, हा अंतरपाटातला, त्याच्यान माजा नाव लांबवलाय. संध्याकाळी सगळं जागच्या जागी बसलं, एक तुकडा सोडून. तो मी घाईत भलतीकडेच जोडला, अगदी सुरुवातीला, जिथं देवांना आवतण आहे तिथं, सूर्या-चंद्राच्या पाठोपाठ. हे माझ्या लक्षात आलं तोवर आंतोननं कॉपी काढून कॅसेटी भरायच्या मशीनवर चढवली होती.

शेठ संतापला. कॅसेटी भरून झाल्या होत्या, दुकानदारांना माल सांगून ठेवला होता, सगळं परत कापून भरायला वेळ नव्हता. त्यानं ती कॅसेट तशीच बाजारात सोडली आणि कव्हरवरून माझं नाव काढून टाकलं. तळाशी असायचं तेसुद्धा. मला वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणणं खोटं ठरेल. दुकानात जाऊन मी ती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

माघातल्या उरलेल्या मुहूर्तांना लोकांनी उत्साहानं कॅसेटी आणल्या. मांडवात बटण दाबलं, देवांची नावं आली, त्यांत आमची दडून गेली, आणि मग ऐन हळदीत 'हसुराम-जयवंती बसलेत गो'. नवऱ्याची आई खवळायची, पोरं हसायची, कुणीतरी टेप बंद करायचं आणि एक माणूस सायकलवर चांगूबायकडे पळायचा. त्या सीझनला तिला उसंत मिळाली नाही.

"तुजी पट्टी बरी हाय," ती मला म्हणाली. "लोकांना लगीन लावाचाय ह्याची आठवन करून देतं."

शेठनं मला परत बेंजोवर बसवलं. वर्षाच्या आत मी ती नोकरी सोडली आणि पेणला स्वतःची छोटी कंपनी काढली. मग कॅसेटी झाल्या, सीड्या झाल्या, आता पोरं सगळं फोनवर ऐकतात. कोळीगीतं, भलरी, गौरीची गाणी, डोंगरातल्या लोकांचे तारपे, पुष्कळ काही केलं. कव्हरवर माझं नाव मी हवं तेवढं मोठं छापून घेतलं. नियम मात्र एकच पाळला. गाणं ज्याचं, ज्या कामाचं, तिथंच जाऊन घ्यायचं, आणि त्यात जे नाव येईल ते ठेवायचं. धंद्यातले लोक त्याला हसुरामचा हट्ट म्हणत. चांगूबाय मधेच कधीतरी गेली. तिच्यामागं गावात धवला म्हणणारं कुणी उरलं नाही, असंच आम्ही सगळे समजत होतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी जयवंतीच्या माहेरच्या लांबच्या नात्यात एक लग्न होतं, अलिबागच्याही पुढं, खाडीच्या टोकाला. आम्हाला तिथं कुणी ओळखत नव्हतं. मांडवात मागच्या खुर्च्यांवर बसलो. धवलारीण म्हणून पुढं आली ती एक तरणी मुलगी, अंगणवाडीत शिकवणारी. माईक तिनं स्वतःच बाजूला सारला. मी जरा सावरून बसलो.

*पयला आवतान गनपतीला गो,*
*दुसरा आवतान एकईरेला गो,*
*तिसरा आवतान सूर्या-चंद्राला गो,*
*चवथा आवतान हसुराम-जयवंतीला गो...*

मला वाटलं माझ्या कानांचं काहीतरी बिघडलं. मागच्या बायांनी ओळ उचलली. सगळ्या मांडवानं हात जोडले. पुढं हळद आली, दार आलं, अंतरपाट आला, त्या प्रत्येक जागी तिनं त्या नवरा-नवरीचीच नावं घेतली, एकही चूक नाही. जयवंतीनं माझा हात धरला होता. तिची नखं रुतत होती.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं त्या मुलीकडे गेलो.

"पोरी," मी विचारलं, "तुना धवलं कोनी शिकवलं?"

"आयनं. आमच्या सगल्या बाया तिच्याकरनंच शिकल्या."

"आनि आईला?"

"तिच्याकरं जुनी कॅसेट व्हती. कोन म्हातारी गायलीय. आय ती लावून लावून शिकली. आता ती पट्टी तुटली."

"आनि ते हसुराम-जयवंती कोन?"

तिला माझ्या अज्ञानाचं नवल वाटलं. "म्हंजे? पयला लगीन त्यांचाच लागला ना, काका. त्यांना आवतान दिल्याबिगर आमच्याकरं कोनाचा लगीन लागत नाय."

मी खिशातून चष्मा काढला आणि उगाच पुसायला लागलो. जयवंतीचं तसं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "मंग त्यांचा संसार कसा झाला म्हनं?"

"चांगलाच झाला असंल, मावशी," ती मुलगी म्हणाली. "नायतं त्यांचा नाव कोनी घेतला असता?"

जयवंतीनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"झाला तसा बरा," ती म्हणाली.